जुन्या ट्रॅक्टरचा पीटीओ बिघडला की लगेच मधून खोलू नका

सोयाबीनची मळणी सुरू झाली की आमच्या लातूर भागात ठरलेली तक्रार ऐकू येते, "पीटीओ ओढत नाही." पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं फिरणारा शाफ्ट (दांडा), ज्यावर थ्रेशर, रोटावेटर चालतात. थ्रेशरला माल लावला की दबतोय, नुसता फिरवला तर मस्त फिरतोय. आणि त्यावर ठरलेलं उत्तर, "क्लच गेला, उघडावा लागंल." मग ऐन हंगामात ट्रॅक्टर मधून दोन भाग करून ठेवायचा, इंजिन एका स्टँडवर, मागचं धड दुसऱ्या, मजूर बसून, सोयाबीनचा ढीग ताडपत्रीखाली आणि वर आभाळ भरून आलेलं. क्लच खरंच गेला असेल तर इलाज नाही, पण किती तरी वेळा बिघाड दुसरीकडंच असतो आणि तो बाहेरून, काही न खोलता सापडू शकतो. याचा मला मनापासून त्रास होतो म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. वीस-पंचवीस-तीस वर्षं जुना ३५ ते ४५ एचपीचा ट्रॅक्टर ज्यांच्याकडं आहे त्यांच्यासाठी हे आहे, नव्या गाड्यांचं, म्हणजे ज्यात बटणावर ओला, म्हणजे तेलात चालणारा, क्लच लागतो, त्यांचं गणित थोडं वेगळं.

आधी आपल्याकडं नेमका कुठला पीटीओ आहे ते माहीत पाहिजे. सिंगल क्लचच्या गाडीत पेडल दाबलं की गिअर पण सुटतो आणि पीटीओ पण. डबल क्लचमध्ये पेडल अर्धं दाबलं की गाडी थांबते पण पीटीओ फिरत राहतो, पूर्ण तळाला दाबलं की मग पीटीओ थांबतो. म्हणजे आत दोन प्लेटा आहेत, एक चाकांची आणि एक पीटीओची. त्यामुळं गाडी नांगराला मस्त ओढतेय म्हणून पीटीओची प्लेट चांगलीच असेल असं नाही, आणि उलटं पण तसंच. काही जुन्या गाड्यांत लिव्हरला तीन जागा असतात, मधी न्यूट्रल, एका बाजूला इंजिनवर चालणारा पीटीओ आणि दुसऱ्या बाजूला चाकाच्या वेगावर चालणारा. लिव्हर चुकून चाकाच्या बाजूला पडलं की गाडी उभी असताना शाफ्ट काय फिरणार, कप्पाळ. जुनी गाडी नव्यानं विकत घेतलेल्यांनी हे पहिलं बघा.

आता पहिली परीक्षा, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. ट्रॅक्टर बंद करा, किल्ली खिशात घाला, आणि जॉइंट, म्हणजे पीटीओ आणि मशीन जोडणारा दांडा, काढून टाका, म्हणजे ट्रॅक्टर वेगळा आणि थ्रेशर किंवा रोटावेटर वेगळा. मग मशीन हातानं फिरवून बघा. जड जातंय, अडकतंय, कुठं तरी खरखर लागतेय, तर रोग मशीनमध्ये आहे, ट्रॅक्टरला हात लावायचं काम नाही. थ्रेशरच्या ड्रमची बेअरिंग धरलेली असते, रोटावेटरच्या गिअरबॉक्समध्ये तेलाचा टिपूस नसतो, बाजूच्या शाफ्टला ऊसाचं पाचट नाहीतर जुनं ठिबकचं नळकांडं गुंडाळलेलं असतं आणि ते सीलमध्ये, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी रिंगमध्ये, घुसलेलं असतं. थ्रेशरचे पट्टे ढिले असले तरी ड्रम दबतो, त्यात पीटीओचा काही दोष नाही, शाफ्ट तर मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरतोच आहे. मग नुसता ट्रॅक्टर चालू करून, सगळ्यांना लांब उभं करून, रिकामा पीटीओ फिरवून ऐका. आवाज गेला तर तो मशीनचा किंवा जॉइंटचा होता. आवाज तसाच राहिला तर ट्रॅक्टरचा. एवढ्यावरच निम्मं कोडं सुटतं आणि याला एक पैसा लागत नाही.

इंजिन बंद असताना अजून एक बघायचं. लिव्हर न्यूट्रलला, शाफ्ट हातानं फिरला पाहिजे, तेलामुळं थोडा जड लागला तर चालतंय. लिव्हर लावलं की मात्र तो जाम झाला पाहिजे, किंचित ढिलाई सोडून फिरताच कामा नये, कारण आता तो इंजिनाला जोडलेला आहे. लिव्हर लावूनही हातानं गोल फिरत असेल तर आत कपलर, म्हणजे लिव्हरनं जे दाते एकमेकांत घुसतात ते, लागतच नाहीये, किंवा क्लच पूर्ण सुटलेला राहतोय.

दुसरी परीक्षा आकड्यांची. पीटीओचा वेग ५४० हा काही आपल्या कंपनीनं ठरवलेला नाही, अमेरिकेत १९२० च्या दशकातच साधारण हाच वेग आणि सहा खाचांचा शाफ्ट प्रमाण म्हणून ठरला आणि तेच जगभर चालत आलंय, म्हणूनच आपल्या जुन्या गाडीला कुठल्याही गावचा थ्रेशर लागतो. शाफ्टचा व्यास ३५ मिलीमीटर म्हणजे १ पूर्णांक ३/८ इंच. आता इंजिन किती फेऱ्यांवर असताना पीटीओ ५४० होतो ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं, जुन्या गाड्यांत बहुतेक १५०० ते १८०० च्या मधी कुठं तरी, मीटरवर त्याची खूण असते आणि पुस्तकात लिहिलेलं असतं. पण मधे गिअर आहेत, आणि गिअर काही घसरत नाहीत, म्हणजे इंजिन आणि पीटीओचं प्रमाण कायम तेच राहिलं पाहिजे. समजा १६५० ला ५४० आहे, तर लोड आल्यावर इंजिन १५०० वर आलं तर पीटीओ साधारण ४९० दाखवला पाहिजे. तो ४९० असेल तर तुमचा क्लच शंभर टक्के धरतोय, दबतंय ते इंजिन. आणि इंजिन १५०० वर असताना पीटीओ ४०० नाहीतर ३५० दाखवतोय, तर मधी काही तरी घसरतंय हे पक्कं.

मोजायचं कसं, तर जुन्या गाडीचं मीटर बहुतेक वेळा मेलेलंच असतं, पण हातात धरायचं डिजिटल टॅकोमीटर, म्हणजे फेऱ्या मोजायचं मीटर, मिळतं, चकाकणारी छोटी पट्टी चिकटवायची आणि लांबून लाइट मारायची. एक पट्टी इंजिनच्या पुढच्या पुलीवर, एक मागं जॉइंटच्या अशा जागी जी लांबून दिसते. पट्टी लावताना इंजिन बंद, हे सांगायलाच नको पण सांगतो. मोजताना पण जवळ वाकायचं नाही. गावात चार जणांत मिळून एक टॅकोमीटर घेऊन ठेवलं तरी पुष्कळ झालं, अंदाजानं क्लच उघडण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

इंजिन दबत असेल तर मग डिझेल फिल्टर, डिझेलच्या पाइपात हवा, आणि सगळ्यात आधी एअर क्लीनर. जुन्या गाड्यांत तेलाचा एअर क्लीनर असतो, खाली वाटीत तेल, आणि मळणीच्या जागी एवढा भुसा आणि धूळ उडते की त्या वाटीत दोन दिवसांत चिखल होतो. धूर काळा आणि ओढ नाही अशी गाडी दिसली की मी आधी ती वाटी काढायला लावतो. वाटी आणि वरची जाळी डिझेलनं धुवायची, खुणेपर्यंत नवीन तेल घालायचं, खुणेच्या वर नाही. मळणीच्या दिवसांत हे रोजचं काम समजा, जसं ग्रीस मारणं रोजचं आहे तसं.

आता घसरतंय हे नक्की झालं, तर काय घसरतंय? इथं दोन गोष्टी असतात, एक क्लच प्लेट आणि दुसरं मागचं कपलर. नाक आणि कान वापरा. क्लच घसरतो तेव्हा आवाज फारसा नसतो पण जळका वास येतो, तो वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. कपलरचे दाते उडतात तेव्हा वास नसतो, कटकट-कटकट असा ठोक्याचा आवाज येतो आणि लिव्हर हाताला थरथरतं.

आणि तिसरी परीक्षा लिफ्टची, म्हणजे मागचं अवजार उचलणाऱ्या हायड्रॉलिकची. बऱ्याच जुन्या मॉडेलांत हायड्रॉलिक पंप पीटीओच्याच क्लचवरून चालतो. तुमच्या गाडीत तसं आहे का ते कळायला सोपं आहे, लिफ्ट वर जात असताना क्लच पूर्ण तळाला दाबा, लिफ्ट मधेच थांबली तर पंप क्लचवर आहे, चालूच राहिली तर पंप सरळ इंजिनवर आहे आणि ही परीक्षा तुमच्या कामाची नाही. पंप क्लचवर असेल तर थ्रेशर दबून शाफ्ट मंदावतोय त्याच क्षणी ड्रायव्हरनं लिफ्टचा दांडा वर करायचा. लिफ्ट पण मंद झाली तर क्लच घसरतोय. लिफ्ट आपली नेहमीसारखी वर गेली तर क्लच ठीक आहे, गडबड पंपाच्या मागं आहे, म्हणजे कपलर किंवा शाफ्ट.

आमच्या चुलत भावाच्या गाडीला हेच झालं होतं. मळणी चालू, दर थोड्या वेळानं शाफ्ट थांबायचा, मिस्त्री आले आणि दोन मिनिटांत म्हणाले, "मालक, क्लच प्लेट संपली, मधून खोलावं लागंल, दोन दिवस धरा." मी म्हटलं, "मिस्त्री, जरा थांबा, लिफ्ट बघू आधी." लिफ्ट फटकन वर गेली. वास नाही, आवाज मात्र कटकट. मिस्त्री पण जुने जाणते माणूस, त्यांच्या लगेच लक्षात आलं, स्वतःच म्हणाले, "मग तेल खाली करा, लिव्हरचं कव्हर खोलतो." डाव्या बाजूचं लिव्हरचं कव्हर काढलं तर लिव्हरची पिन आणि बुश एवढे झिजलेले की बाहेर लिव्हर पूर्ण पडलेलं दिसायचं आणि आत कपलर अर्धंच सरकायचं. लिव्हर जागेवर धरणाऱ्या गोळीची स्प्रिंग पण तुटलेली. अर्ध्या दातांवर सगळा लोड, त्यामुळं दात्यांची टोकं गोल झालेली. मागच्या हाउसिंगचे बोल्ट काढून शाफ्ट मागं ओढला, नवीन कपलर, पिन, बुश, गोळी-स्प्रिंग, मागचं सील, आणि गाडी त्याच संध्याकाळी परत थ्रेशरला. ट्रॅक्टर मधून खोलायची वेळच आली नाही.

पीटीओ आपोआप सुटतो, म्हणजे लिव्हर उडून न्यूट्रलला येतं, त्याचं कारण पण बहुतेक हेच, गोळी-स्प्रिंग, झिजलेला फोर्क (कपलर सरकवणारा काटा), गोल झालेले दाते. काही जण लिव्हर रबरानं नाहीतर तारेनं बांधून ठेवतात. कृपा करून असं करू नका. कुणाचा हात अडकला तर ते लिव्हर एका झटक्यात सुटायला पाहिजे आणि तेच तुम्ही बांधून ठेवलंय.

उलटी तक्रार पण असते, पीटीओ थांबतच नाही किंवा लिव्हर लावताना करकर दात वाजतात. क्लच पूर्ण सुटत नाहीये असा त्याचा अर्थ. आधी पेडल बघा, पेडलला मोकळी ढिलाई इंचभराच्या आसपास असते, नेमका आकडा पुस्तकातून घ्या. ढिलाई फार झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही, ढिलाई अजिबात उरली नाही तर क्लच पूर्ण धरत नाही आणि घसरून प्लेट जळते, म्हणजे एकाच नटाच्या दोन टोकांना दोन वेगळे रोग. पेडलची पिन, रॉडची भोकं, आडव्या शाफ्टचे बुश झिजले की पेडल खाली जातं पण आत पाहिजे तेवढी हालचाल पोचतच नाही. हे सगळं बाहेरचं काम. आतलं म्हणजे फिंगरची, क्लच सोडवणाऱ्या आतल्या बोटांची, उंची, ती डबल क्लचमध्ये गेज लावून सारखी करावी लागते, डोळ्यानं अंदाजे केली की आज चालते आणि आठ दिवसांनी परत तक्रार. लिव्हर न्यूट्रलला असताना रिकामा शाफ्ट तेलाच्या ओढीनं हळूहळू फिरतो, मशीन जोडल्यावर फिरत नाही, तो बिघाड नाही. पण तो हातानं धरून थांबवून बघणारे महाभाग मी पाहिलेत, नका करू.

सिंगल क्लचवाल्यांसाठी एक वेगळीच गोष्ट. क्लच दाबला तरी रोटावेटर आपल्या जोरात फिरत राहतो आणि तो जोर उलटा शाफ्टमधून गिअरबॉक्समध्ये येऊन गाडीच पुढं ढकलतो. बांधाजवळ, विहिरीजवळ वळताना हे जिवावर बेतू शकतं. ब्रेक खराब आहेत असं लोकांना वाटतं. त्यावर ओव्हररनिंग कपलिंग मिळतं, एकाच बाजूला जोर देणारं, ते पीटीओवर चढवायचं. शाफ्टची लांबी त्यानं वाढते हे लक्षात ठेवून जॉइंट तपासून घ्या.

आणि ही लांबी म्हणजे माझ्या मते पीटीओ सीलच्या तक्रारींचं सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे. नवीन रोटावेटर घेतला की त्यासोबत आलेला जॉइंट तसाच लावतात, कापत कुणी नाही. रोटावेटर वर-खाली होताना ट्रॅक्टर आणि रोटावेटरमधलं अंतर कमी-जास्त होतं, अंतर सगळ्यात कमी होतं त्या जागी जॉइंटची आतली नळी टोकाला जाऊन टेकते आणि मग सगळा दाब पीटीओ शाफ्टवर, पुढच्या बाजूला. बेअरिंग ढिली होते, शाफ्ट हलायला लागतो, सील गळायला लागतं. लोक सील बदलतात, महिन्यात परत गळतं, "सील डुप्लिकेट होतं" म्हणतात. सील चांगलंच होतं. अंतर सगळ्यात कमी असतानाही नळीला साधारण इंचभर जागा उरली पाहिजे आणि सगळ्यात जास्त असताना नळ्या एकमेकींत निदान एक तृतीयांश तरी घुसलेल्या पाहिजेत. जास्तीची नळी कापायची असेल तर आतली आणि बाहेरची दोन्ही सारखी कापा, धार घासून घ्या, ग्रीस लावा.

सील बदलायच्या आधी ब्रीदर पण बघा. मागच्या हाउसिंगवर हवा जायला छोटी टोपी असते, ती मातीनं, ग्रीसनं बंद झाली की गरम तेलाचा दाब सीलमधूनच वाट काढतो. ब्रीदर साफ केल्यावर गळती थांबलेली मी पाहिलीये. तरी गळतंय तर शाफ्ट हातानं वर-खाली हलवून बघा, हलतोय म्हणजे बेअरिंग बदलल्याशिवाय सील टिकणार नाही. सील बसतं तिथं शाफ्टवर नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर नवीन सील किंचित पुढं-मागं बसवा म्हणजे सीलची शाफ्टला टेकणारी कड (ओठ) कोऱ्या जागेवर येईल. स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडं. जुन्या गाड्यांत गिअर, डिफरन्शिअल आणि लिफ्ट सगळ्यांना एकच तेल असतं, त्यामुळं पीटीओचं सील गळतंय म्हणजे लिफ्टचंच तेल जातंय, आणि उद्या लिफ्ट उचलत नाही म्हणून तुम्ही पंप खोलाल. तेल काढताना प्लगला चिकटलेला चुरा बोटावर घेऊन बघा, बारीक काळी पेस्ट असेल तर ठीक, चकाकणारे तुकडे असतील तर आत कुठला तरी दाता जातोय.

जॉइंटबद्दल थोडक्यात. मधल्या नळीच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके काटे, एकाच रेषेत पाहिजेत. आपल्याकडं चौकोनी नळीचे जॉइंट फार चालतात आणि चौकोनी नळी चुकीच्या बाजूनं सहज घुसते, मग एक योक उभा, एक आडवा आणि सगळी गाडी थरथरते. काढून ९० अंश फिरवून घातलं की शांत. बांधावर वळताना रोटावेटर पूर्ण उचलतात आणि पीटीओ चालूच ठेवतात, तेव्हा जॉइंटचा कोन एवढा होतो की क्रॉसचा, म्हणजे दोन योक जोडणाऱ्या चौफुलीचा, बळी जाणारच. पीटीओ बंद करा नाहीतर लिफ्टला थांबा लावून कमी उचला. आणि जॉइंटमधला शिअर बोल्ट, म्हणजे जास्त जोर आला की तुटणारा मऊ बोल्ट. तो तुटण्यासाठीच आहे! सारखा तुटतोय म्हणून त्या जागी कडक हाय टेन्साइल बोल्ट घालतात, मग दगड लागला की बोल्टाऐवजी शाफ्ट पिळला जातो. शाफ्टच्या खाचा मागून नजर लावून बघा, सरळ असायला पाहिजेत, तिरप्या दिसल्या तर तो शाफ्ट पिळलेला आहे.

शाफ्टवरच्या कव्हरबद्दल मी प्रत्येकाला सांगतो आणि सांगत राहणार. ५४० म्हणजे सेकंदाला ९ फेरे. नळी ६० मिलीमीटर जाडीची धरली तर एका सेकंदात साधारण १ मीटर ७० सेंटीमीटर कापड ती गुंडाळते. धोतराचा सोगा, साडीचा पदर, ओढणी, गळ्यातला टॉवेल, माणूस "अरे" म्हणेपर्यंत संपलेलं असतं सगळं. थ्रेशरसाठी आपल्या देशात १९८३ चा धोकादायक यंत्रांचा कायदा आहे, पण शेतात कायदा येत नाही, कव्हर तुम्हालाच लावावं लागतं. प्लास्टिकचं कव्हर मिळतं, त्याची साखळी बांधायची म्हणजे ते शाफ्टबरोबर फिरत नाही. ट्रॅक्टरवरचं पत्र्याचं शील्ड काढून कोपऱ्यात टाकलेलं असेल तर आज शोधून परत लावा. चालू शाफ्ट ओलांडून पलीकडं जायचं नाही, लहान मुलं मळणीच्या खळ्यात नकोतच.

आणि सगळ्या परीक्षा करून क्लचच निघाला, तर मग मात्र कंजूषी नको. त्याआधी क्लच हाउसिंगच्या खाली एक छोटं भोक असतं, कधी कधी त्यात कॉटर पिन असते, ते मोकळं करून बघा काय ठिबकतंय. कोकणात, भंडारा-गोंदियाकडं, इगतपुरीच्या बाजूला भाताच्या चिखलणीला गाडी चालते तिथं हे भोक हमखास चिखलानं बुजलेलं असतं आणि आत पाणी साचून प्लेट गंजते, चिकटते. काळं पातळ तेल आलं तर इंजिनचं मागचं सील गेलंय, घट्ट उग्र वासाचं आलं तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं. तेलानं भिजलेली प्लेट डिझेलनं धुवून परत घालू नका, टिकत नाही. गाडी एकदा मधून खोलली की दोन्ही प्लेटा, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधली पायलट बेअरिंग, आणि दोन्हीकडची तेल सीलं एकदमच बदला, कारण खरा खर्च गाडी खोलण्या-जोडण्याचा आणि खोळंब्याचा आहे. काढलेली जुनी प्लेट मिस्त्रींकडून मागून घ्या आणि नव्या प्लेटशेजारी ठेवून जाडी, खाचा, स्प्रिंगा जुळतात का ते गाडी जोडायच्या आधी स्वतः बघा, एकाच कंपनीच्या जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन मॉडेलांच्या प्लेटा दुकानात अदलाबदल होऊन येतात.